वरच्या दांडीपर्यंत

शिडी तीन मीटरची. बर्फ पातळ, दिसलाच नाही.
सिगवार्त आयलर्टसेन, वय एकाहत्तर,
शेपटीला शेपटी बांधलेले कॉड दांडीवर टांगता टांगता
खाली आला,
आणि पडतानाही, म्हणाला, मासे सोडले नाहीत.
मासे शाबूत होते.

ग्राव्दालच्या पोरसवदा डॉक्टरने फोटो काढला
आणि हात धरून ओढायचा मोह आवरला.
त्याचे शंभर गुन्हे मी तिथेच माफ केले.
हेलिकॉप्टर बोडोला उतरलं तेव्हा रात्रीचे दोन.

स्क्रीनवर हाड फिरवून फिरवून पाहिलं:
गोल डोकं खोबणीतून निसटून पुढे आलेलं,
कावळ्याच्या चोचीसारख्या त्या हाडाखाली दडलेलं,
मानेपासून तुटलेलं,
आणि दोन्ही उंचवटे आपापल्या स्नायूंनी पळवलेले.
चार तुकडे. प्रत्येकाचा ओढा वेगळा.

डॉक्टर हेर्दिसने त्याच्या दंडावर टाचणी टेकवली,
बाहेरच्या बाजूला, गणवेशावर बिल्ला शिवतात तिथे.
"लागतंय?"
"कुणाला?" त्याने विचारलं.
ती हसली नाही. कागदावर लिहिलं: नस, शंका.

मी अवजारं देणारी. सव्वीस वर्षं.
मागण्याआधी द्यायचं, शेवटी मोजायचं,
मधे बोलायचं नाही.

कातडी. मग निळी शीर;
तिला जपून बाजूला सारायचं, वाट तीच दाखवते.
मग हेर्दिसचं बोट आत, खाली,
अंधारात आपल्याच घरातलं बटण चाचपावं तसं.
"आहे," ती म्हणाली. "अखंड आहे."
मास्कआड चौघांनी सोडलेला श्वास
मॉनिटरवर उमटला नाही.

डोक्याला आतल्या बाजूने एक पदर अजून चिकटलेला.
रक्ताची तेवढीच वाट.
"हा तुटला तर आपण दगड बसवतोय."
दुसऱ्या टेबलावर कृत्रिम सांध्याची पेटी,
सील न फोडलेली.
तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते.

जोर नाही. जोराने काहीच होत नाही इथे.
तिने डोक्याखाली हत्यार सरकवलं, थांबली,
पुन्हा सरकवलं,
आणि ते आलं, कुरकुरत, उशिरा घरी येणाऱ्या पोरासारखं.

मी धागा दिला. जाड, निळा.
म्हाताऱ्याचं हाड भुसभुशीत, टाका धरत नाही;
म्हणून स्नायू हाडाला जिथे घट्ट पकडतो
तिथून ओवायचा, आणि दोन्ही पळपुटे ओढून आणायचे.
माझे वडील जाळी विणत. गाठ आवळण्याआधी थुंकत.
इथे तशी सोय नाही.

पट्टी. ड्रिल. स्क्रू.
एक लांब निघाला, डोक्यातून पलीकडे डोकावला;
काढला, चार मिलिमीटर आखूड घातला.
असल्या गोष्टी अहवालात एका ओळीत जातात.
त्या ओळीला आमची वीस मिनिटं गेली.

पेटी परत कपाटात. सुया मोजल्या. जमल्या.

जूनमध्ये, मासे उतरवायच्या दिवसांत, तो आला.
हात कानापर्यंत गेला, तिथे अडला.
टाचणी आता लागते, थोडी,
"लांबून कुणी हाक मारल्यासारखी."
हाडाचं डोकं जगेल की आतल्या आत ढासळेल
हे दोन वर्षं सांगता येत नाही;
हेर्दिसने ते साखर न लावता सांगितलं.
"दोन वर्षं!" तो म्हणाला. "कॉड तीन महिन्यांत वाळतो."

मग भिंतीपाशी उभा राहिला,
बोटं जिथे पोचली तिथे नखाने खूण केली.
"खालची दांडी माझी. वरची नातीची.
उंचीची भीती वाटते म्हणे तिला."
पुढे काही बोलला नाही.

जाताना वाळक्या माशांचं पुडकं काढलं
आणि उजव्या हाताने माझ्यापुढे धरलं.
जड होतं. हात थरथरत होता.
मागण्याआधी द्यायची सवय माझी,
पण घ्यायला मी
मुद्दाम जरा वेळ लावला.